सव्विसाव्या लेणीतलं वाक्य

माझ्याकडे जेमतेम तीन तास असतात आणि तेवढ्यात एक अख्खा देश सांगून संपवायचा असतो.

मी गाइड आहे. सकाळी छावणीतल्या घरून निघायचं, हॉटेलातून पाहुणे उचलायचे, आणि हर्सूलचा तुरुंग मागे पडला की घसा साफ करायचा. देशाची वाटणी मी रस्त्यावर करून ठेवली आहे. हर्सूल ते फुलंब्री जमीन, फुलंब्री ते सिल्लोड इतिहास, सिल्लोड ते अजिंठ्याचा घाट माणसं. घाट उतरेपर्यंत देश संपला पाहिजे. कारण खाली टी-पॉइंटला गाडी सोडून लेणीच्या बसमध्ये चढावं लागतं, आणि त्या बसमध्ये शेजारच्याचंही ऐकू येत नाही. एकदा फुलंब्रीत बाजारामुळे गाडी तासभर अडकली. पुढचा इतिहास तर सुरू करता येईना, म्हणून मी काळी माती ताणली. ही माती उन्हाळ्यात भेगाळून तोंड वासते आणि पावसाळ्यात चप्पल गिळते, इतकं मी तिच्याबद्दल बोललो की एक जर्मन बाई खाली उतरल्या आणि ढेकूळ पिशवीत घालून घेऊन आल्या.

इतिहासात मी जास्त रंगतो. त्यातून पाहुणे इंग्रज असले तर विचारूच नका. त्यांच्याच पणजोबांच्या खोड्या त्यांना हसत हसत सांगायच्या. ते लाजतातही आणि खूशही होतात. "तुम्ही आमच्यावर नव्हतात," मी सांगतो, "आमच्यावर निजाम होता, आणि निजामावर तुम्ही. आम्ही दुमजली गुलाम!" मग स्वातंत्र्य. देशाला मिळालं, पण आमच्याकडे पोचायला त्याला आणखी तेरा महिने लागले. आमची एसटीसुद्धा इतका उशीर करत नाही. आणि सिल्लोडच्या अलीकडे मिठाची गोष्ट. "समुद्र आमचा, ऊन आमचं, आणि कर तुमचा? मिठावर?" माणसं पायी चालत समुद्रावर गेली, मूठभर मीठ उचलायला. इथे मी मूठ वर करतो. ड्रायव्हर आरशातून बघून हसतो. त्याने ती मूठ हजारदा पाहिली आहे.

लेणी चढून, चित्रं बघून, पाय दुखायला लागल्यावर मी पाहुण्यांना सव्विसाव्या लेणीत नेतो. आत डाव्या भिंतीला निजलेला बुद्ध आहे, एक हात उशाशी घेतलेला, अखेरच्या घटकेचा. अंधार असतो. माझा खेळ तिथे संपतो, आणि त्या खेळात माझा एक जोडीदार होता.

त्या लेणीवरचा तो पहारेकरी. ठेक्यावरचा माणूस, साठीला आलेला, सडपातळ, शर्टाच्या खिशात चष्मा आणि हातात लांब टॉर्च. अजिंठा गावाजवळच्या वस्तीतून काळीपिवळी जीपने यायचा. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून मीही. आम्ही कधी तालीम केली नव्हती. वर्षानुवर्षं रोज एकाच जागी उभं राहून ते आपोआप जुळलं होतं. मी आवाज खाली आणला की मामांचा उजेड मूर्तीच्या तळव्यांवर पडायचा. मी बोलायचो तसतसा तो वस्त्राच्या चुण्यांवरून, कमरेवरून, खांद्यावरून वर सरकायचा. मी थांबलो की तोही थांबायचा. मग मी शेवटचं वाक्य टाकायचो:

"गुरू निजले, आणि त्यांच्यामागून त्यांचा धर्मही या भूमीवर निजला. ज्या देशात तो जन्मला, त्या देशात आज त्यांच्यापुढे हात जोडणारा एकही माणूस उरला नाही."

आणि उजेड चेहऱ्यावर. बायका डोळे पुसायच्या. पुरुष उगाच छताकडे बघायचे.

एके दिवशी दुपारी मी खाली झाडाखाली डबा खात बसलो होतो. मामा शेजारी येऊन बसले.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा की."

"ते तुमचं रोजचं. नॉट वन लेफ्ट." इतक्या वर्षांत वाक्य त्यांनाही पाठ झालं होतं. "मग मी कोन हाय?"

मला वाटलं चेष्टा चाललीय. मी हसलो. ते हसले नाहीत.

"मी बौद्ध हाय. माझ्या बापानं दीक्षा घेतली. मी तर जन्मलोच बौद्ध. माझी बायको, तिचे भाऊ, आमची समदी वस्ती. तुम्ही सांगता कोनी उरलं नाय, आन् उजेड कोन पाडतं? मीच."

"मग आजवर बोलला का नाहीत, मामा?"

"पाहुण्याम्होरं तुम्हाला खोडू व्हय? ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरी बशीवल." त्यांनी माझ्या डब्यातली हिरवी मिरची उचलली, विचारलं नाही. "वाघाच्या शिकारीला आलेल्या तुमच्या त्या इंग्रजाचं चालू द्या. त्यानं लेणी शोधली म्हनता. हरवली कुठं होती? लेनापूरवाले इथंच ढोरं चारत होते. पन ते जाऊ द्या. महिनाअखेर माझं काम सुटतंय. त्याच्या आत एक डाव खरं सांगा. एकच डाव. मला ऐकून घरी जायचंय."

मी म्हणालो, "एवढंच ना? उद्याच सांगतो."

आता कोणी म्हणेल, बिचाऱ्याला माहीत नसेल. तर तसं नाही. मी या शहरात जन्मलो, वाढलो. विद्यापीठामागच्या डोंगरावर पौर्णिमेला पांढऱ्या साड्यांची रांग लागते, ती मी लहानपणापासून बघतो. एप्रिलच्या मिरवणुकीत माझी गाडी क्रांती चौकात दरवर्षी अडकते. माझ्या मुलीला गणित शिकवणाऱ्या बाई बौद्ध आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज पहाटे मोठ्याने वंदना म्हणतात, त्यांच्या आवाजाने मला जाग येते. म्हणजे एका बौद्ध माणसाने मला उठवायचं, मी दात घासायचे, शंभर किलोमीटर जायचं आणि सांगायचं, एकही उरला नाही! मला ठाऊक होतं. फक्त वाक्याचा शेवट फार चांगला जमला होता.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मामा दाराशी उभे असायचे. पाहुणे बाहेर पडले की हळूच विचारायचे:

"आज बी ऱ्हाऊन गेलं?"

"गटच तसला होता, मामा. घाईतला."

"बरं. खोटं सांगायला येळ कमी लागतो, नाय का?"

एकदा मात्र मी प्रयत्न केला. एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं. मी म्हणालो, पण आपल्या काळात याच भागातली लाखो माणसं पुन्हा या गुरूकडे परत आली. मामांचा उजेड मूर्तीच्या नाकावर नाचला. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "का? त्याआधी ती कोण होती?"

आणि मी त्यांना खांबावरचं कोरीव काम दाखवायला लागलो.

का दाखवायला लागलो, ते आता सांगतो. माझं आजोळ सिल्लोडकडचं. गावात आजोबांचा शब्द चालायचा. तिथली वस्ती दीक्षा घेऊन आली आणि तिने मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. आजोबांनी गावच्या दुकानदाराला बोलावून सांगितलं, यांना मीठ द्यायचं नाही. महिनाभर त्या माणसांनी अळणी भाकरी खाल्ली. ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जायची. दिवाळीच्या सुट्टीत आजोबा ओसरीवर बसून अळणी घास चावणाऱ्या माणसाच्या तोंडाची नक्कल करत. आधी ओठ हलवायचे, मग डोळे मिटायचे, मग एक लांब विराम. आम्ही नातवंडं हसून लोळायचो. गोष्टीत कुठे थांबायचं हे मी त्या नकलेतून शिकलो.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला त्या ओसरीवर जावं लागलं असतं. आणि सकाळीच गाडीत मी त्याच बाईंसमोर मूठ वर करून विचारलं होतं, मिठावर कर?

महिना संपत आला. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मामा जोडे घालताना म्हणाले, "उद्या शेवट."

"उद्या नक्की, मामा. शपथ."

"शपथ नगं. वाक्य सांगा."

त्या दिवशी माझ्याबरोबर इंग्लंडचे अकरा निवृत्त शिक्षक होते. गाडीत मी कमी बोललो. सिल्लोडपासून पुढे नवं वाक्य मनात घोळवत होतो. दोन पर्याय तयार केले होते, त्यातला छोटा निवडला. लेणीच्या दाराशी मामा इस्त्रीच्या कपड्यांत उभे, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या साडीतली त्यांची बायको, हातात कापडी पिशवी.

"हिला म्हनलं, आज साहेब आपलं सांगनार हायेत," मामा म्हणाले. "तर म्हनती, मला बी ऐकायचंय."

"मला इंग्लिश येत नाय," मामी लाजून म्हणाल्या, "पन आवाज तर कळंल."

मी सुरुवात केली. आवाज खाली आणला. उजेड तळव्यांवर आला, चुण्यांवरून सरकत कमरेवर, खांद्यावर. सगळं जमून येत होतं. मी थांबलो. उजेड थांबला. नवं वाक्य जिभेवर होतं, याची मी आजही खात्री देतो. तेवढ्यात अंधारात कुणा शिक्षिकेने नाक पुसलं. ज्याने कधी चार माणसांपुढे गोष्ट सांगितली नाही, त्याला त्या आवाजाची नशा कळायची नाही. समोर माणसं पाणावलेली आहेत, वाट ओळखीची आहे; जीभ तिकडे गेली. जुनं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत मी म्हणून टाकलं. एकही माणूस उरला नाही.

उजेड वेळेवर चेहऱ्यावर गेला. क्षणाचाही उशीर झाला नाही. मामांनी आपलं काम चोख केलं.

आणि त्या उजेडात मामी पुढे झाल्या, हात जोडले, आणि वाकून बराच वेळ तशाच राहिल्या.

काठी घेतलेल्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेने माझ्याकडे बघितलं. "मग या बाई?"

अजूनही वेळ गेली नव्हती. देवाने, बुद्धाने, ज्याने कोणी दिली असेल त्याने, मला दुसरी संधी ताटात वाढून दिली होती. मी म्हणालो, "गावाकडची माणसं आहेत. ती कुठल्याही मूर्तीपुढे हात जोडतात."

अकराही जणांनी समजूतदारपणे माना हलवल्या. एकाने वहीत लिहून घेतलं.

मामी मागे सरल्या. नवऱ्याला हळूच विचारलं, "काय म्हनले वो?"

मामांनी टॉर्च बंद केला. मला अंधारात त्यांचा चेहरा दिसला नाही.

"आपलंच सांगितलं."

"आपलं? वस्तीचं बी?"

"व्हय. समद्यांचं."

बाहेर उन्हात आल्यावर मामी माझ्याजवळ आल्या. "लई बरं केलं, भाऊ. ह्यांनी लई वर्सं वाट बघितली." पिशवीतून डबा काढला. शेंगदाण्याचे लाडू होते. "पाहुण्यांना बी द्या." त्या मास्तर मंडळींनी लाडू खाल्ले, वाहवा केली, आणि एकाने विचारलं, आज कुठला सण आहे का? मी म्हणालो, यांच्या नवऱ्याचा कामाचा शेवटचा दिवस आहे. त्या दिवशी मी एवढंच खरं बोललो. लाडू माझ्या हातात तसाच राहिला. पुढे घाटात गाडीच्या खिडकीतून मी तो टाकला, आणि टाकल्यावर वाटलं, हेही करायला नको होतं.

पंधरा दिवस मी दुसऱ्या वाटेने पाहुणे नेले, वेरूळला. मग एका सुट्टीच्या दिवशी उठलो आणि मामांच्या वस्तीवर गेलो. माफी मागायची, दोघांचीही, असं ठरवून गेलो होतो. घर सापडायला त्रास पडला नाही. पहिल्याच बाईने विचारलं, "इंग्रजांना आपलं सांगनारे तुम्हीच का?" आणि ती मला घेऊनच निघाली.

मामींनी सगळ्या वस्तीला सांगितलं होतं. अंगणात प्लास्टिकची खुर्ची आली. आठ-दहा बायका जमल्या, दोन म्हातारे आले. भिंतीवर दोन तसबिरी होत्या: एक बुद्धाची, दुसरी निळ्या कोटातली, ज्यांचं नाव तिथे कुणाला सांगावं लागत नाही. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"सांगा ना भाऊ," मामी म्हणाल्या, "त्या दिवशी काय सांगितलं ते आम्हाला बी सांगा. ह्यांना नीट सांगताच येत नाय."

मी मामांकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली नाही, पण वाटही दाखवली नाही.

मी उभा राहिलो आणि जे सांगायला हवं होतं, ते सांगितलं. गुरू निजले, पण त्यांचा शब्द दगडात जागा राहिला. मग कित्येक शतकांनी जे गावाच्या कडेला होते त्यांनी तो उचलला. आज त्या लेणीच्या दाराशी उजेड धरून उभा आहे तोही त्यांच्यातलाच. देवाशपथ सांगतो, आयुष्यात मी इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो. विराम जागच्या जागी पडले. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि यातला एक शब्दही मी जिथे म्हणायला हवा होता तिथे म्हटला नव्हता.

कोपऱ्यातल्या एका म्हातारीने विचारलं, "आन् मिठाचं? आम्हाला मीठ बी देत नव्हते, ते सांगितलंस का रं लेकरा?"

त्या काळात हे गावोगाव झालं होतं. म्हातारी माझ्या आजोळची नव्हती. तरी मला आजोबांची ओसरी दिसली.

"सांगितलं, आजी," मी म्हणालो.

"बरं केलंस."

मामा मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. काळीपिवळीची वाट बघत आम्ही उभे होतो.

"झ्याक सांगितलं," ते म्हणाले. "पार रडवलं बायांना."

"मामा, माझं चुकलं. मी..."

"थांबा. माफीचं ऱ्हाऊ द्या." त्यांनी रस्त्याकडेच बघत म्हटलं. "आमच्याम्होरं काय सांगता? आम्हाला ठावंच हाय. तिकडं सांगा."

आता तिकडे सांगतो. पहिल्या दिवशी आवाज इतका फुटला की पाहुण्यांनी मला पाणी दिलं. "त्याआधी ती कोण होती?" हा प्रश्न हटकून येतो, आणि मग मिठाचं सांगतो, आजोबांसकट. नक्कल करत नाही. कुणी डोळे पुसत नाही. माणसं अवघडतात, प्रश्न विचारतात, एकमेकांशी वाद घालतात. एका पाहुण्याने इंटरनेटवर माझ्याबद्दल लिहिलं, माहिती चांगली देतो पण उदास करतो. माझ्याबद्दल असं वाचून घरच्यांची हसून पुरेवाट झाली. नव्या पहारेकऱ्याचा उजेड कुठेही भटकतो. मी त्याला काही म्हणत नाही.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा आधी मामांना फोन केला. मामी अजून वस्तीत, पाहुण्यारावळ्यांत, लग्नाकार्यात सांगत असतात, आमचं इंग्रजांना सांगितलं. हे छापून आलं तर कोणीतरी त्यांना वाचून दाखवणारच. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"लिवा," ते म्हणाले. "नाव नका घालू. आन् तिला आधी मी सांगतो. दुसऱ्याच्या तोंडून कळाया नगं."

त्याला दोन आठवडे झाले. काल संध्याकाळी मामांच्या नंबरावरून फोन आला, पण बोलल्या मामी. ख्यालीखुशाली नाही, भाऊ म्हणणं नाही.

"रविवारी या," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मूर्तीजवळ काय म्हनला होता, ते मला सांगा. जसंच्या तसं. मराठीत."

आज शुक्रवार आहे. ते वाक्य वर मी मराठीत लिहिलं खरं. तोंडाने मराठीत मी ते आजवर एकदाही म्हटलेलं नाही.